रोमच्या बाईला दाखवलेलं रोम

कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ठेवूही नका. पण खुद्द रोम शहरातून आलेल्या एका बाईला रोम दाखवलं ते मी. पायी, भर उन्हात, 'इकडून या बाई, तिकडून नको' असं हातानं करत. आणि तेही रोमला न जाता, आमच्या तापीकाठच्या टेकाडावर.

हसा. त्या दिवशी नंदुरबारच्या जिनिंगच्या दारात सगळे असेच हसले होते. कापूस निघायचे दिवस. गाड्यांची रांग दारापासून थेट रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेली, तोलाईचा पत्ता नाही. बैल सोडून आम्ही गाडीच्या सावलीला बसलो होतो. एक कळसाडीचा रतिलाल, गुजराचा पोरगा, बापानं नुकतीच शेती हातात दिलेली. दुसरा कोरीटचा भिला, ज्याचा जगात कशावरच विश्वास नाही. आणि मी. दोघांपैकी एकालाही आमचं गाव माहीत नव्हतं, त्यामुळे माझी जीभ मोकळी होती.

"रोम म्हणजे कोठे वनं, दगाआबा?" रतिलालनं विचारलं.

"सुरतेच्या पलीकडं."

"सुरतना पलीकडे दर्या शे," भिला म्हणाला.

"मग दर्याच्या पलीकडं. मधे बोलू नको, गोष्ट सांडते."

तर आमच्या गावाला लागून एक टेकाड आहे. पांढरंफेक. त्यावर उभं राहिलं की तापीचं पाणी तर दिसतंच, पण हवा स्वच्छ असली तर सुरतेची बोटसुद्धा दिसते. (इथं भिला खोकला.) टेकाडाच्या पोटात जी माती आहे तिला आम्ही खारी म्हणतो. तुम्ही कौलांच्या घरात राहत असाल तर तुम्हाला तिची किंमत कळायची नाही. आमच्याकडं धाब्याची घरं. सरावर, म्हणजे मोठ्या तुळईवर, लाकडं, लाकडांवर काटक्या, काटक्यांवर माती, आणि सगळ्यांच्या वर खारीचा थर. खारी पाणी आत येऊ देत नाही. वैशाखात धाब्यावर नवी खारी पडली नाही, तर आषाढात माणूस घरात छत्री घेऊन जेवतो.

आणि ही खारी वरून खरवडायची नसते. वरची माती उन्हानं मेलेली असते. जिवंत खारी पोटात. म्हणून टेकाडाच्या पायथ्याला आडवं बीळ करायचं, पाठीवर पडून आत सरकायचं, तोंडावर फडकं बांधायचं आणि डोक्यावरची माती कुदळीनं खाली पाडायची. बापजाद्यांची रीत. वर्षाकाठी एखाद्याची टोपली आतच दबायची, एखाद्याचा पाय. पण घरं कोरडी राहायची.

मग एका हिवाळ्यात पुराणवस्तू खात्याचे साहेब आले. तंबू ठोकले, टेकाडाच्या माथ्यावर चौकोनी खड्डे काढले. विटांची भिंत निघाली. मातीची कडी एकावर एक ठेवून बांधलेली विहीर निघाली. आणि एका मडक्याची मान निघाली. नुसती मान. पण ती बघून साहेब असे नाचले की जणू धनाचा हंडा सापडला. म्हणाले, हे मडकं रोमचं. दोन हजार वर्षांपूर्वी दारू भरून गलबतानं आलं, आणि पुढं बैलांच्या पाठीवर तापीच्या काठाकाठानं इथवर.

"दारू पेवाले इतला लांबथून मडकं?" भिला म्हणाला.

"तुझ्यासारखे तेव्हाही असतील की."

साहेब जाताना टेकाडाला बांबू रोवून दोरी बांधून गेले. पाटी लावून गेले, की इथली चिमूटभर माती कोणी हलवली तर तुरुंग. आणि राखणीला एक माणूस ठेवून गेले. खाकी कोट, पितळी शिट्टी. कोण आला गेला त्याला टेकाड फिरवून दाखवायचं, आणि दोरीच्या आत गुरं-माणसं येऊ द्यायची नाहीत. साहेब म्हणाले, वर्षभर नीट सांभाळलंस तर नोकरी पक्की करतो. आमच्या गावात तोवर सरकारी नोकरी बघितली होती ती फक्त पोस्टाच्या पेटीनं. तो खाकी कोटाचा माणूस मी.

"तुम्ही?" रतिलालचे डोळे मोठे झाले.

"मग काय भिला?"

आता गावाचं डोकं कसं चालतं बघा. वैशाख आला, धाबी तडकली. लोक टेकाडापाशी उभे राहून दोरीकडं बघायचे आणि म्हणायचे, सरकारनं दोरी बांधली ती वर. खाली कुठं बांधलीय? माथा सरकारचा झाला, पोट तर आपलंच आहे ना? आणि खरं सांगतो, राखणदारालासुद्धा ते पटलं. वर बघायला सांगितलं होतं, वर बघत होतो. पायथ्याला कोण टोपल्या घेऊन फिरतं ते बघायला सरकारनं सांगितलंच नव्हतं. पाटी वाचून बिळात शिरणारा माणूस जगात आमच्याच गावात मिळेल. आपण काही चुकीचं करतोय असं एकालाही वाटलं नाही.

त्यात धुडकू. धुडकू म्हणजे माझ्या शेजारचा, लहानपणापासूनचा. असा आळशी की माशी बसली तर दुसऱ्याला म्हणेल, जरा उडव. सगळ्यांनी खारी नेली तेव्हा हा झोपला होता. वैशाख संपायला आला तेव्हा बायकोनं लाटणं दाखवलं, आणि मग भर दुपारी टोपली घेऊन आला. जुन्या बिळात शिरला. आळशी माणूस एकदा कामाला लागला की त्याला थांबायचं कळत नाही. खारीचा पांढराशुभ्र पट्टा त्याला डोक्यावर दिसला, त्याच्या मागं लागून तो खणत खणत वर चढत गेला. टेकाडाच्या माथ्याची जमीन आणि धुडकूचं नाक, यांच्यात वीतभर माती उरली होती.

मी बिळाच्या तोंडाशी उभा राहून त्याच्याशी गप्पा मारत होतो, तेवढ्यात नदीच्या बाजूनं धुरळा उठला. जीप! साहेबांची. ना निरोप, ना काही.

"धुडक्या, साहेब उना!"

आतून आवाज आला, "कोना साहेब?"

"मडकाना साहेब! आत सरक. गप पडी ऱ्हाय. मी हाक मारस तवलग भायेर येऊ नको."

बाहेर यायला वेळच नव्हता. जीप उतारावर आली होती. बाहेर आला असता तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, हातात कुदळ. दोघांनाही बेड्या. मी बाभळीच्या काट्या ओढून बिळाच्या तोंडावर टाकल्या, कोटाची बटणं लावली, शिट्टी पुढं घेतली आणि पळत वर गेलो.

जीपमधून साहेब उतरले. त्यांच्या मागून एक गोरी बाई, डोक्यावर गवताची टोपी, केस पिकलेले, पण चालणं पोरीसारखं. आणि मागून शिपाई जामसिंग. जामसिंग एवढा धिप्पाड की तो उतरला तेव्हा जीप हातभर वर आली. त्याच्या खांद्यावर लांब लोखंडी गज. साहेब तो गज जमिनीत खुपसून बघायचे, खाली भिंत लागते का ते.

"या बाई रोमहून आल्यात," साहेब म्हणाले. "तिथं त्या हेच काम करतात. लोकांना जुन्या रोमचे अवशेष दाखवत पायी हिंडवतात. आज तू त्यांना फिरव. वाट तुला माहीत आहे."

घ्या. माळ्याच्या मळ्यात कोथिंबीर विकायची.

मी त्यांना टेकाडाच्या पार दुसऱ्या कडेनं चढवलं. एक डोळा बाईकडं, एक जामसिंगच्या पायांकडं. कुठं पोकळ आहे ते मला माहीत होतं. विटांच्या भिंतीच्या पुढं, बोरीच्या झुडपाच्या अलीकडं, खाटल्याएवढी जागा. तिथं पाय पडला की खाली धुडकू मेला. आणि तिथं पाय पडू नये म्हणून तोंड उघडलं, तर धुडकू तुरुंगात आणि माझ्या अंगावरचा कोट गेला. अशा दोन दगडांमधून मला रोमच्या बाईला रोम दाखवायचं होतं.

"ही विहीर," मी म्हणालो. "रोमच्या लोकांची."

"रोमच्या लोकांची नाही रे, आपल्याच," साहेब म्हणाले.

"खणली आपल्यांनी साहेब. रोमवाले नुसते पाणी प्यायचे."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि बाईला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. बाई हसली. मला जोर आला. पुढच्या खड्ड्यापाशी मी म्हणालो, "हा रोमचा बाजार. इथं ते आपला कापूस घ्यायचे. आणि कापूस कितीही कोरडा असो, ओला आहे म्हणून वजनात कडता कापायचे."

"म्हणजे कडता तवपासून शे?" रतिलाल ओरडला. रांगेतले आजूबाजूचे दोघं-तिघंही हसले आणि सरकून जवळ बसले.

मी बडबडत होतो, पण कान खाली होते. माणूस टेकाडावर चालतो तेव्हा खाली काय ऐकू येतं, ठाऊक आहे? पाऊल ऐकू येत नाही. आधी कुठंतरी लांब घरघर होते, जात्यासारखी. मग ती जवळ येते. मग डोळ्यांवर बारीक माती गळायला लागते. कानावर हात ठेवले तरी घरघर हाडांतून येते. बाईचं पाऊल हलकं, साहेबांचं बुटाचं, टकटक. आणि जामसिंगचं पाऊल पडलं की छातीवर कोणी पोतं टाकावं तसं.

"तुले काय मालूम?" भिला म्हणाला. "तू वर व्हतास ना?"

"धुडकूनं मागाहून सांगितलं. ऐकतोस का उठू?"

"बस, बस. सांग."

भिंतीच्या कडेला वळलो तेव्हा मी सहज म्हणून खाली पायथ्याकडं नजर टाकली. जिथं मी काट्या टाकल्या होत्या तिथं काट्या नव्हत्या. नुसता मातीचा ढीग होता, आणि त्यावरून धुरळा अजून उडत होता. बिळाचं तोंड बसलं होतं. आम्ही वर चालल्यामुळंच बसलं होतं. धुडकूला आता बाहेर यायला वाट नव्हती, आणि आत जी हवा होती तेवढीच.

"पुढं काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. संपलं. चला, गावात ताक घेऊ."

"इतक्यात? बाईंना पूर्ण बघायचं आहे."

"पुढं नुसती बोरी आहे साहेब. बोरंसुद्धा आंबट."

बाई माझ्याकडं बघत होती. मी हातवारे करतो तिकडं नाही, माझ्या तोंडाकडं. मग ती साहेबांना काहीतरी म्हणाली, आणि साहेब हसले. "बाई म्हणतात, त्या इतकी वर्षं हाच धंदा करतात. वाटाड्या जिकडून माणसांना वळवतो ना, तिकडं हमखास काहीतरी असतं."

आणि ती निघाली. सरळ बोरीच्या झुडपाकडं.

माझ्या डोक्यात काहीच येईना. जीभ मात्र आपोआप चालली. "साहेब, बाईला थांबवा! तिथं रोमवाल्यांचं स्मशान आहे! परक्यानं पाय ठेवायचा नसतो!"

मला वाटलं, घाबरेल. साहेबांनी तिला सांगितलं. बाई थांबली. टोपी काढली. मग खाली वाकून पायातले जोडे काढले, बाजूला ठेवले, आणि अनवाणी, देवळात जावं तशी, हळूहळू नेमकी त्या खाटल्याएवढ्या जागेवर जाऊन उभी राहिली. आपल्या गावची माणसं इथं पुरली आहेत म्हटल्यावर कोण मागं फिरेल? मीच तिला नेऊन उभी केली होती.

जमीन वाजली. ढब. डफावर बोट मारावं तसं.

बाईनं पायाकडं बघितलं. टाच उचलून पुन्हा हळूच टेकवली. ढब. मग माझ्याकडं बघितलं, आणि जशी आली होती तशीच एक एक पाऊल मागं गेली. जोडे तिनं घातले नाहीत. हातातच धरले. ती एवढंसुद्धा हसत नव्हती आता.

पण साहेबांनीही तो आवाज ऐकला होता. "गज दे," ते जामसिंगला म्हणाले. कडेला गुडघे टेकले, गज उभा धरला आणि दोन्ही हातांनी दाबला. गज लोण्यात सुरी जावी तसा गेला. मुठीपर्यंत.

गाडीच्या सावलीत कोणी हलत नव्हतं. रतिलालच्या हातातली बिडी विझली होती.

"लागना?" त्यानं हळूच विचारलं.

आत अंधार. तोंडात, नाकात, डोळ्यांत खारी. पाय मातीत गच्च, एक हात छातीखाली. वरून घरघर नाही, काही नाही, सगळं गप्प. आणि एकदम कानाच्या पाळीला लागून गार लोखंड खाली आलं. कानाला लागून! एवढंसं इकडं आलं असतं तर डोळ्यातून गेलं असतं. मग ते वर गेलं. आणि ते गेलं त्या जागी बोराएवढा उजेड. तो उजेड बघून माणूस तोंड वर करतो आणि त्याला ओठ लावतो, वासरू आचळाला लावतं तसे. हवा! त्या भोकातून हाकही मारता आली असती. पण धुडकू भित्रा. त्याला वरून साहेबांचा आवाज ऐकू येत होता, आणि तो मनात म्हणत होता, हाक मारली तर तुरुंग. मरणाच्या दारात पडलेला माणूस तुरुंगाला भीत होता. आहे की नाही गंमत?

वर साहेब आनंदानं ओरडायला लागले. "पोकळ आहे! खाली खोली आहे! कबर असणार, रोमन व्यापाऱ्याची कबर! जामसिंग, कुदळ घे. इथं मधे उभा राहा आणि मार."

जामसिंगनं जीपमधून कुदळ काढली, खांद्यावर टाकली आणि निघाला. विहिरीपाशी आला. बाजाराच्या खड्ड्याला वळसा घातला. घाई नावाची गोष्ट त्या माणसाच्या अंगात नव्हती. प्रत्येक पावलाला भिंतीवरून खडे घरंगळत होते. मी कोटाच्या बटणाला हात लावून उभा. सांगतो तुम्हाला, त्या वेळी माणसाला काय काय दिसतं. पक्की नोकरी दिसली. शिट्टी वाजवल्यावर गावातली पोरं कशी पळतात ते दिसलं. कोट अंगात आल्यापासून सासरा मला अहो म्हणत होता, तो दिसला. आणि नदीत पोहायला शिकताना मी बुडत होतो तेव्हा माझी लंगोटी धरून ओढणारा धुडकू, तोही दिसला.

जामसिंगनं भिंत ओलांडली. भिंतीपासून ती जागा बैलाच्या दोन उड्यांवर.

"साहेब!" मी ओरडलो. "थांबवा त्याला! खाली माणूस आहे!"

"असणारच," साहेब म्हणाले. "दोन हजार वर्षांपूर्वीचा."

"नाही साहेब! आमच्या गावचा आहे! जिवंत आहे!"

साहेबांना कळेना. उन्हानं माझं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असावं. जामसिंगला तर काही ऐकूच गेलं नाही. पण बाईला कळलं. तिला आपल्या बोलीतला एक शब्द येत नव्हता, तरी तिला सगळ्यांत आधी कळलं. हातातले जोडे टाकून ती जामसिंगच्या समोर आडवी झाली, दोन्ही हात त्याच्या पोटावर ठेवून मागं ढकलत. तो थांबला. पण उचललेला एक पाय पडला तो त्या जागेच्या काठावर पडलाच.

हुस्स. एवढाच आवाज झाला. आणि खाटल्याएवढी जमीन हातभर खाली बसली. गजाचं भोक दिसेनासं झालं.

मी कोट काढून फेकला आणि पोटावर आडवा झालो. उभं राहायचं नाही; वजन पडलं तर खालचा चेंगरतो. दोन्ही हातांनी माती उपसायला लागलो. माझ्या शेजारी बाई, तशीच आडवी पडून, नखांनी. साहेबही आले, त्यांचा चष्मा मातीत. जामसिंगला लांबच बसवला, तो बिचारा लांबून रडत होता. माती भुसभुशीत, दोन ओंजळी काढाव्या तर एक आत घसरते. कुदळ मारायची सोय नाही, खाली डोकं आहे. उपसतोय, उपसतोय, आणि हाताला काही लागेना. मी हाका मारतोय, उत्तर नाही. बाई आपल्या भाषेत काहीतरी एकसारखं पुटपुटत होती. देवाचं नाव असावं. ते कोणत्याही भाषेत ओळखू येतं.

मग माझ्या बोटांना केस लागले.

केस धरले आणि ओढले. डोकं आलं. मग खांदा. बाईनं काखेत हात घातला, साहेबांनी दुसऱ्या काखेत, आणि ओढून वर काढला. काय रूप ते! केस पांढरे, भुवया पांढऱ्या, ओठ पांढरे. साहेबांच्या पुस्तकात रोमच्या देवांच्या दगडी मूर्ती असतात ना, हुबेहूब. आणि तेवढाच गप्प. छाती हलत नव्हती.

रतिलालनं डोळे मिटून घेतले. "मरी गया?"

बाईनं त्याला आपल्या गुडघ्यावर पालथा टाकला. तोंडात बोटं घालून मातीचा गोळा काढला. पाठीत बुक्की. काही नाही. पुन्हा बुक्की, अशी की माझीच बरगडी दुखली. आणि एकदम घशातून आवाज आला, म्हशीनं पाणी प्यावं तसा. खोकला. एक डोळा उघडला, पांढऱ्या तोंडात काळा. पहिल्यांदा तो काय म्हणाला असेल?

"काय?"

"म्हणाला, 'जीप गई का?'"

भिलासारखा भिला, तोसुद्धा हसताना गाडीच्या चाकावर डोकं आपटून घेता झाला. रतिलाल मात्र हसला नाही. तो पुढं सरकला.

"मग साहेबनी काय करं, आबा? दोन्हींस्ले धरं?"

"नाही. बाईनं मधे पडून साहेबांना काहीतरी सांगितलं, बराच वेळ. धुडकूला त्यांनी सोडून दिलं. पण राखणदाराला सोडता येत नव्हतं. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग जमिनीवरचा कोट उचलला, झटकला, घडी घातली. शिट्टीसाठी हात पुढं केला. मी शिट्टी दिली. जीप गेली. बाई मागं वळून हात हलवत होती, पायात अजून जोडे नव्हते."

रांगेत पुढं कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली.

"सरकारी नोकरी," रतिलाल म्हणाला. "पक्की व्हनार व्हती. दोस्तसाठे सोडी दिन्ही तुम्ही."

"जिवापुढं नोकरी काय, बाळा." मी नदीकडं बघावं तसं लांब बघितलं. जिनिंगच्या दारातून नदी दिसत नाही, पण बघितलं.

भिलानं स्वतःच्या बंडलातली बिडी काढून मला दिली. भिलानं! त्यानंच काडी ओढली. "खरं शे का खोटं ते तुन्हा तुले मालूम," तो म्हणाला, "पन गोष्ट भारी शे. आनि त्या धुडकूले जान तरी शे का?"

"कसली जाण," मी धूर सोडला. "तसल्यांना जाण असते होय? आज रस्त्यात भेटला तर रामराम घालायला त्याचा हात उठत नाही. मी मनाला लावून घेत नाही. मी म्हणतो, जाऊ द्या, माणूस जगला ना—"

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की रतिलाल माझ्याकडं बघत नव्हता, माझ्या डोक्याच्या वरून बघत होता. मागून नवी गाडी येऊन रांगेला लागली होती, आणि गाडीवान कासरा हातात धरून कधीचा माझ्या पाठीशी उभा होता. मी वळलो नाही. घसा खाकरण्याची ती रीत मी लहानपणापासून ओळखतो.

"कोट मन्हा व्हता, दगा," धुडकू म्हणाला. "शिट्टी बी मन्ही, नोकरी बी मन्ही. तू तं खाले व्हतास, बिळमा."